घाटात पिकअप गरम होते. थर्मोस्टॅट काढला, रेडिएटर धुतला, तरी तेच. हेड उतरवू का?

आंबेवाला (धागाकर्ता), रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गाडी डिझेल पिकअप, बीएस-४, दोन लाखांच्या आसपास चाललेली. सध्या हंगाम चालू आहे, त्यामुळे पावसहून हापूसच्या पेट्या भरून कोल्हापूर मार्केटला फेऱ्या सुरू आहेत. पालीपर्यंत, साखरप्यापर्यंत काटा निम्म्यावर शहाण्यासारखा बसून असतो. आंबा घाट लागला, गाडी दुसऱ्या गिअरात आली, की काटा चढायला लागतो. वर आंब्याला पोचेपर्यंत लाल पट्टीला टेकतो. चहा पिईपर्यंत बॉनेट उघडं ठेवायचं, मग निघायचं. पुढे मलकापूर, शाहूवाडी, कोल्हापूर काही त्रास नाही. रिकामी येताना तर नावच नको.

आतापर्यंत झालेले उपाय: एका मिस्त्रीने थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरचा रस्ता उघडणारी झडप) काढून टाकला ("आपल्याकडे कशाला हवा तो, थंडीच्या देशातली भानगड आहे"). रेडिएटरवाल्याने रेडिएटर बाहेरून धुतला, आतून फ्लश केला. कूलंट नवीन भरलं. फरक शून्य. उलट आता सकाळी गाडी तापायला जास्त वेळ घेते आणि घाटात पूर्वीपेक्षा लवकर गरम होते असं वाटतं.

आता तिसरा मिस्त्री म्हणतो हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यांच्यावरचं झाकण म्हणजे हेड, यांच्यामधलं सील) गेलंय, हेड उतरवू. हंगामात गाडी आठवडाभर उभी ठेवणं परवडत नाही, आणि खर्चही मोठा. खरंच हेड उतरवायची वेळ आली आहे का?

खवचट, रात्री ९.५२

पेट्या माझ्याकडे उतरवा. गाडी हलकी, इंजिन थंड, तुम्ही निवांत. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवतो.

लांबपल्ला, रात्री १०.१५

हेडला हात लावू देऊ नका. आधी एवढं सांगा:

गाडी सिग्नलला किंवा मार्केटच्या रांगेत अर्धा तास उभी राहिली तर गरम होते का? सपाट रस्त्यावर भरलेली गाडी ७०-८० ने सलग पळवली तर? एसी लावल्यावर काटा हलतो का? कूलंट कमी होतं का, आणि होत असेल तर खाली थेंब दिसतात का?

हे विचारायचं कारण असं की गाडी *केव्हा* गरम होते यावरच अर्धं निदान होतं. हायवेला वेगात गरम होते पण गावात ठीक, याचा अर्थ वारा भरपूर मिळतोय पण पाणी पुरेसं फिरत नाही. म्हणजे रेडिएटर आतून बुजलेला, वॉटर पंपाची पाती झिजलेली, किंवा खालचा होज (रबरी नळी) ओढला जाऊन चिकटतोय. उभ्या उभ्या किंवा कमी वेगात गरम होते पण पळताना थंड, याचा अर्थ पाणी फिरतंय पण वारा नाही. म्हणजे फॅन, फॅनचा पत्रा (श्राउड), किंवा रेडिएटरसमोर अडकलेला कचरा. घाट हा दुसऱ्या प्रकारातला सर्वात वाईट प्रसंग. इंजिन पूर्ण ताकद लावतंय आणि गाडीचा वेग वीस.

आपल्याकडे मिस्त्री हे विचारतच नाहीत. स्वस्त पार्ट आधी बदलतात, मग महाग.

डिझेलदादा, रात्री १०.३१

थर्मोस्टॅट काढला ते बरोबरच केलं. मी ट्रकवर उभी हयात घालवली. आमच्या जुन्या ट्रकांना थर्मोस्टॅट कुणी ठेवलाच नाही. नवी गाडी आली की पहिलं काम तेच. कधी गाडी उकळली नाही. हा पार्ट अडकला की इंजिन बसतं, मग कशाला ठेवायचा?

गॅरेजमधला, रात्री ११.०५

दादा, आदर ठेवून असहमत.

बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन तोंडं असतात. थंड असताना रेडिएटरचा रस्ता बंद आणि बायपासचा उघडा, म्हणजे पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं. ८२-८८ अंशांच्या आसपास वरचं तोंड उघडायला लागतं आणि त्याच वेळी खालची चकती बायपास बंद करत जाते. ती चकतीच काढून टाकली तर बायपास कायमचा उघडा. मग गरम पाण्यातलं बरंचसं पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात. घाटात तर पाण्याचा प्रत्येक थेंब रेडिएटरमधून जायला हवा. धागाकर्ते म्हणतात काढल्यावर घाटात लवकर तापते आणि सकाळी उशिरा. दोन्ही लक्षणं अगदी चपखल बसतात.

शिवाय सपाटीवर इंजिन कायम थंड चालतं, डिझेल जास्त पितं, ऑइल नीट तापत नाही. अडकतो म्हणून काढण्यापेक्षा अडकला की नवा घालावा, फार महाग नसतो.

डिझेलदादा, रात्री ११.१२

पुस्तकी आहे सगळं. आमच्या गाड्या पंधरा-पंधरा वर्षं चालल्या.

गॅरेजमधला, रात्री ११.१८

तुमच्या गाड्यांत बायपासची रचना वेगळी असेल, किंवा मिस्त्रीने बायपासला बूच मारलं असेल. जुने लोक तेही करायचे. इथे तसं केलेलं नाही.

नलू_के, रात्री ११.४०

मला इंजिनातलं काही कळत नाही, पण धागा वाचून लहानपण आठवलं. एक्सप्रेसवे नव्हता तेव्हा मुंबई-पुणे म्हणजे खंडाळ्याचा जुना घाट. मे महिन्यात वाटेत जागोजाग बॉनेट उघडून उभ्या फियाट आणि अँबॅसडर. शिंग्रोबाच्या देवळापाशी सगळ्यांनी नाणं टाकायचं आणि बाबांनी डिकीतला पाण्याचा कॅन काढायचा. आम्हा मुलांना वाटायचं गाडीला पण तहान लागते आणि शिंग्रोबा पाणी पितो का ते बघायला थांबलोय. आता घाट कधी संपला ते कळत नाही.

सह्यकडा, रात्री ११.४८

नलूताई, +१. आमच्याकडे ओल्या गोणपाटाचा तुकडा पण असायचा, झाकण उघडायला. काकांनी एकदा घाई केली आणि हातापासून कोपरापर्यंत सोलून निघाले. म्हणून नव्या मंडळींसाठी: गरम गाडीचं रेडिएटर कॅप उघडू नये. गोणपाट घेऊनही नाही.

गॅरेजमधला, रात्री ११.५६

सह्यकडा यांच्या मुद्द्याला जोडून. त्या कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. ०.९ च्या कॅपखाली साधं पाणीसुद्धा ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही. कॅप उघडली की दाब जातो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येतं.

उलट्या बाजूने: कॅपचं रबर चिरलं, स्प्रिंग ढिली झाली, तर दाब धरला जात नाही आणि पाणी शंभरलाच उकळतं. घाटमाथ्यावर आणखी थोडं आधी, कारण दर तीनशे मीटरला उकळबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. सगळ्यात स्वस्त पार्ट आहे, आधी तोच बदला. आकडा मात्र मूळ कॅपवरचाच घ्या, जास्त दाबाची "चांगली" कॅप लावलीत तर जुने होज फुटतील.

आंबेवाला, दुसऱ्या दिवशी दुपारी १.२०

सगळ्यांचे आभार. लांबपल्ला, तुमची उत्तरं:

मार्केटला रांगेत उभी असताना काटा हळूहळू वर सरकतो, पण लाल होत नाही. सपाटीला ७०-८० ला एकदम ठीक, भरलेली असली तरी. एसी घाटात मी लावतच नाही, पण रांगेत लावला तर काटा लवकर सरकतो. कूलंट थोडं कमी होतं, खाली थेंब दिसत नाही. माल पासिंगच्या (परवानगीच्या वजनाच्या) आत असतो.

खवचट, दुपारी १.२४

पासिंगच्या आत माल भरणारा पिकअपवाला! धागा संग्रही ठेवला आहे.

कोल्हापुरी_रस्सा, दुपारी २.१०

भावा, खाली थेंब नाही आणि कूलंट कमी होतंय म्हणजे पाणी कुठंतरी आत जातंय, एवढं ध्यानात ठेव. माझ्या गाडीचं असंच झालं होतं. सगळे म्हणाले गॅस्केट. हेड उतरवलं, लेथवर नेऊन फेसिंग केलं, गॅस्केट नवीन, लय पैसे गेले. गाडी जोडली, तरी पाणी कमी व्हायचं ते होतंयच. शेवटी निघालं काय? ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर पाण्यानं गार करतो तो)! तो आतनं चिरला होता आणि पाणी थेट धुरात जात होतं. बीएस-४ च्या पुढच्या गाडीत हे बघितल्याशिवाय हेडला पाना लावायचा न्हाय.

लांबपल्ला, दुपारी २.३५

रस्सा यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, त्यामुळे हेड गॅस्केटचा संशय आधी निकालात काढू. घरच्या घरी:

रात्रभर थंड झालेल्या गाडीची कॅप उघडा, पाणी काठोकाठ भरा, इंजिन चालू करा. तोंडातून सतत बारीक बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येतोय. सुरुवातीचे एक-दोन बुडबुडे म्हणजे अडकलेली हवा, त्याला घाबरू नका. वरचा होज दाबून बघा. थंड इंजिन सुरू केल्याबरोबर मिनिटभरात तो दगडासारखा कडक झाला तर वाईट लक्षण. ऑइलच्या झाकणाखाली आणि डिपस्टिकवर दुधाळ साका आहे का बघा. धूर पांढरा आणि गोडसर वासाचा आहे का तेही. यातलं काहीच नसेल आणि तरी खात्री हवी असेल तर चांगल्या गॅरेजात निळ्या रसायनाची गॅस टेस्ट मिळते. रेडिएटरच्या तोंडावर नळी लावतात, सिलिंडरचा वायू येत असेल तर रंग बदलतो. हेड न उतरवता निकाल.

वाळवंटी, संध्याकाळी ७.४५

लॉस एंजेलिसहून लास व्हेगासला जाताना आय-१५ वर बेकर गाव सोडलं की मोठा चढ लागतो. तिथे पाटीच आहे, गाडी तापू नये म्हणून पुढचे काही मैल एसी बंद ठेवा. अशा चढांवर रेडिएटरसाठी पाणी ठेवलेल्या जागांच्या पाट्याही दिसतात. इथले मोठाले पिकअप मागे बोटी जोडून जातात आणि उन्हाळ्यात कडेला हमखास एखादा वाफ सोडत उभा असतो.

एक युक्ती मी इथेच शिकलो. काटा चढायला लागला की एसी बंद आणि *हीटर* पूर्ण चालू, पंखा जोरात. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, उष्णता केबिनमध्ये ओतली जाते. जीव नकोसा होतो पण काटा खाली येतो.

नलू_के, संध्याकाळी ७.५८

मे महिन्यात आंबा घाटात हीटर!! आंबे पिकायला ठेवलेत का चालक?

डिझेलदादा, रात्री ८.२०

हीटरचं खरं आहे. आणि थांबल्यावर लगेच चावी फिरवू नका. पाणी शिल्लक असेल तर गाडी न्यूट्रलला ठेवून जरा रेस धरा, पंप आणि फॅन फिरू द्या. एकदम बंद केली की आतलं पाणी जागच्या जागी उकळतं. मात्र पाणी सगळं सांडून गेलं असेल तर तत्काळ बंद. अशा वेळी काट्यावर जाऊ नका, सेन्सर पाण्याबाहेर कोरडा पडला की काटा खोटं थंड दाखवतो. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेड तडकतं.

गॅरेजमधला, रात्री ८.४१

दादांच्या या प्रतिसादातला शब्द न् शब्द मान्य. (थर्मोस्टॅट सोडून.)

आता धागाकर्त्यांच्या उत्तरांवरून: सपाटीला वेगात ठीक, रांगेत सरकतो, एसीने बिघडतो, घाटात लाल. माझा संशय फॅनच्या व्हिस्कस क्लचवर. फॅन पट्ट्याने फिरतो, पण मध्ये एक गोल डबी असते, तिच्यात सिलिकॉनचं तेल. समोरून येणारी हवा गरम झाली की आतली झडप उघडते, तेल पातं धरतं आणि फॅन जोरात ओढला जातो. घाटात मोठा घोंघाट यायला हवा, विमान उडतंय तसा. तो येतो का?

तपासणी: इंजिन बंद आणि थंड असताना हाताने फॅन फिरवा. चांगला असेल तर जडपणा लागतो, सोडल्यावर लगेच थांबतो. गेलेला असेल तर मोकळा गरगरत राहतो. डबीभोवती तेलकट, धूळ चिकटलेले ओघळ आहेत का बघा. पातं धरून पुढे-मागे हलवा, खेळ लागला तर बेअरिंगही गेलं.

सह्यकडा, रात्री ८.५५

आमचा मिस्त्री गरम इंजिनावर चालू फॅनमध्ये वर्तमानपत्राची गुंडाळी घालून फॅन थांबतो का बघतो.

गॅरेजमधला, रात्री ८.५९

आणि त्याची किती बोटं शिल्लक आहेत? कृपा करून कुणी करू नका. पातं तुटलं तर बॉनेट फाडून बाहेर येतं.

एक राहिलं. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत टॉर्च मारून बघा. रेडिएटरवाला समोरून पाणी मारतो, समोरचा कंडेन्सर चकचकीत होतो आणि कचरा मागच्या फटीत आणखी घट्ट बसतो. रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्याच्या चौपदरीकरणाची ती तांबडी धूळ कुठेतरी जाणारच.

आंबेवाला, तिसऱ्या दिवशी रात्री १०.०५

आज गाडी घरी होती, सगळं करून बघितलं.

बुडबुडे नाहीत. होज पहाटे मऊ, गाडी तापल्यावर हळूहळू फुगतो. डिपस्टिक स्वच्छ, धुराला वास नाही. म्हणजे हेड उतरवण्यातून सुटलो!

फॅन हाताने फिरवला तर जत्रेतल्या भिरभिऱ्यासारखा फिरत राहिला. डबीच्या कडेने तेलाचे काळे ओघळ, त्यावर मातीचा थर. घोंघाट म्हणाल तर पूर्वी, गाडी नवी असताना, घाटात मोठा आवाज यायचा. मधल्या काळात तो कधी बंद झाला ते लक्षातच आलं नाही, मला वाटलं गाडी रुळली.

कंडेन्सरचे वरचे बोल्ट काढून तो पुढे कलवला. मध्ये काय नव्हतं! तांबड्या मातीचा पापुद्रा, त्यात पेट्यांतल्या पेंढ्याच्या काड्या, मेलेले किडे, एक अख्खं सुकलेलं आंब्याचं पान. खालच्या बाजूचा हातभर पट्टा तर विटेसारखा घट्ट. बोटाने खरवडला तेव्हा कुठे रेडिएटरच्या पट्ट्या दिसल्या. इंजिनाच्या बाजूने पुढे, हलक्या धारेने पाणी सोडलं. जोराचा प्रेशर मारला नाही, पट्ट्या वाकतात म्हणून. बराच वेळ नुसतं तांबडं पाणी येत होतं.

कॅपचं रबरही चिरलेलं होतं. ज्या वाटेने कूलंट कमी होत होतं ती बहुधा हीच, कारण ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाशी सुकलेल्या हिरव्या खुणा आहेत.

कोल्हापुरी_रस्सा, रात्री १०.१२

नाद खुळा! हेडचे पैसे वाचले. कोल्हापूरला आलास की मिसळ तुझ्याकडनं.

लांबपल्ला, रात्री १०.३०

सुंदर. कूलंट भरताना दोन गोष्टी. बाटली रेडीमिक्स होती की कॉन्सन्ट्रेट? कॉन्सन्ट्रेट तसंच ओतलं असेल तर तेही वाईट. उष्णता वाहून न्यायला पाणीच चांगलं, कूलंटमधलं नुसतं ग्लायकॉल त्यापेक्षा कमी वाहून नेतं. निम्मं पाणी, निम्मं कूलंट पुरे. पाणी डिस्टिल्ड घ्या. बोअरचं पाणी म्हणजे रेडिएटरच्या नळ्यांत चुना भरणं. आणि रंगावर जाऊ नका, हिरव्यात लाल मिसळू नका, बाटलीवरचा प्रकार वाचा.

भरताना गाडीचं तोंड चढावर ठेवा, हीटर गरमवर, कॅप उघडी, इंजिन आयडलला. हवा निघून जाईल. हवा अडकली तर नव्या पार्टांनीही काटा नाचतो.

आंबेवाला, आठवड्याने, रात्री ९.१५

फॅनची डबी नवी, कंपनीची घेतली (बाजारात रिपेअर केलेल्या मिळतात, नको म्हटलं). कॅप नवी. थर्मोस्टॅट परत बसवला, त्यासाठी मिस्त्रीशी वाद घालावा लागला. शेवटी तो म्हणाला "बसवतो, पण उकळली तर माझ्याकडे यायचं नाही." कूलंट कॉन्सन्ट्रेटच होतं आणि तसंच ओतलेलं होतं, तेही बदललं.

त्यानंतर भरलेली गाडी घेऊन भर दुपारी आंबा घाट चढलो. काटा निम्म्याच्या किंचित वर गेला, फॅनचा घोंघाट सुरू झाला, काटा परत जागेवर. सोबत बसलेला पोरगा घाबरून म्हणाला गाडीला काय झालं. सकाळी गाडी तापायलाही आता पूर्वीइतकाच वेळ लागतो. डिझेल जरा कमी लागतंय असं वाटतं, पण महिनाभर बघून सांगेन.

डिझेलदादा, रात्री ९.३०

फॅनमुळे झालं. थर्मोस्टॅट नसता तरी चढली असती.

गॅरेजमधला, रात्री ९.३३

दादा, तुम्ही न् मी एकदा चहा पिऊ. जुना थर्मोस्टॅट घेऊन या, पातेल्यात उकळून दाखवतो केव्हा उघडतो ते.

नलू_के, रात्री ९.४१

पातेलं स्वतःचं आणा.

मार्केटयार्ड_पुणे, रात्री १०.२०

छान धागा. माझी छोटी गाडी, एक टनाच्या आतली, फॅन विजेवर चालणारा. सिग्नलला गरम होते, पळताना ठीक. मलाही हेच का?

लांबपल्ला, रात्री १०.२६

तुमच्यात व्हिस्कस डबी नाही. एसी असेल तर एसी लावून बॉनेट उघडा, बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला हवा. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मग फॅनच्या मोटरला थेट बॅटरीची तार लावून बघा. थेट दिल्यावर फिरला तर मोटर चांगली, दोष वायरिंगमध्ये किंवा सेन्सरमध्ये. आणि हेडलाइट लावल्यावर काटा एकदम वर उडी मारत असेल तर गाडी गरम नाहीच, अर्थिंग खराब आहे.

मार्केटयार्ड_पुणे, रात्री १०.३१

हेडलाइटचं करून बघितलं. काटा उडी मारतो!

लांबपल्ला, रात्री १०.३४

बॅटरीपासून इंजिनला आणि बॉडीला जाणारी अर्थची पट्टी सोडा, दोन्ही टोकं सॅंडपेपरने घासा, घट्ट आवळा. मग सिग्नलला बघा. तरी चढला तर नवा धागा काढा, इथे आंबेच येऊ देत.